चालू ठेवावी

दुपारी चार वाजता बहिणीने संमतीपत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "दादा, सही करू की नको?"

वॉर्डाच्या टोकाची छोटी खोली होती. खाटेवर त्याची सहा वर्षांची भाची, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, हाताला सुई लावून पडली होती. न उतरणाऱ्या तापाचं नाव आज सकाळी कळलं होतं. ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. टेबलापलीकडे डॉक्टरबाई कॉम्प्युटर उघडून बसल्या होत्या.

त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं. या आजारावर एका नव्या औषधाची चाचणी बऱ्याच इस्पितळांत चालू आहे. निम्म्या मुलांना नेहमीची औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि जोडीला नवं. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. सही नाही केली, तरी नेहमीचे उपचार उद्या सकाळी सुरू होणारच. "दोन्हींतलं कुठलं सरस, ते अजून कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या होत्या.

त्या खरंच बोलत होत्या. त्यांना तेवढंच ठाऊक होतं. माहीत असलेली माणसं अगदी थोडी होती, आणि त्यातला एक त्यांच्यासमोर मांडीवर कागद घेऊन बसला होता.

तो संख्याशास्त्रज्ञ. चाचणीचे बंद आकडे अधूनमधून उघडून बघायचे आणि बाहेर ब्र काढायचा नाही, हे देखरेख समितीवरचं त्याचं काम. कालच बघितले होते. नव्या औषधाच्या गटात जास्त मुलं दगावली होती. फरक होता, पण चाचणी थांबवण्यासाठी जी रेषा आखली होती, तिच्या आतला होता. रेषा त्यानेच आखून दिली होती. "एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो," असं तो काल बैठकीत म्हणाला, आणि समितीने निर्णय लिहिला : चाचणी चालू ठेवावी. गणितात चूक नव्हती. रात्री घरी जाऊन त्याने पोटभर जेवणही केलं होतं.

"मामा," भिंगरी म्हणाली, "माझे केस जाणारेत. मग आपण दोघं टकले."

"माझे चार शिल्लक आहेत अजून."

"तीनच आहेत."

"गप पड गं जरा," बहीण म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "ह्यांचा फोन लागत नाहीये, विमानात आहेत. तू याच कामात आहेस ना रे? मग सांग की."

"या चाचणीच्याच देखरेख समितीवर आहे. म्हणूनच मला विचारू नकोस."

"वा! मग कोणाला विचारू, वॉचमनला?"

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण डॉक्टरबाई ऐकत होत्या. आकडे बघणारा माणूस स्वतःच्या भाचीला चाचणीत घालू देत नाही, ही बातमी उद्या दुसऱ्या वॉर्डात, परवा दुसऱ्या इस्पितळात पोचली असती. मग कुठल्याच आईने सही केली नसती. चाचणी अर्ध्यावर बसली असती, आणि औषध खरंच मारतं की तो नुसता योगायोग होता, हे कधीच कळलं नसतं. हे सगळं तो इतरांना शिकवत आला होता. आणि हो म्हणायचं, तर जीभ उचलत नव्हती.

"मी हो म्हणणार नाही," तो म्हणाला. "नाहीही म्हणणार नाही. तुझं तू ठरव."

आपण अगदी नियमाला धरून बोललो, असं त्याला वाटलं.

बहिणीने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग तिचे खांदे सैल झाले.

"कळलं मला."

"काय कळलं?"

"तुला बोलायची बंदी आहे. नको बोलूस. पण काही वाईट असतं, तर तू मला पेन तरी उचलू दिलं असतंस का?"

तिने त्याच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला आणि टेबलावर ठेवून सही केली. खाली नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं.

डॉक्टरबाईंनी माहिती भरायला सुरुवात केली. तो खुर्चीतून उठला. का उठला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काही विचारायचं राहिलं का, सर?" डॉक्टरबाईंचा हात माउसवर थांबला. "एकदा गट ठरला की मला बदलता येत नाही."

तिघीही त्याच्याकडे बघत होत्या.

"नाही," तो म्हणाला आणि बसला.

डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. उत्तर लगेच आलं.

"नवं औषध."

"बघ!" बहिणीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात गरम होते. "उगाच घाबरवलंस मला."

डॉक्टरबाई औषधांची वेळ समजावून सांगू लागल्या. तो बाहेर पॅसेजमध्ये आला आणि समितीच्या अध्यक्षबाईंना फोनवरून चार ओळी लिहिल्या. भाची आज चाचणीत दाखल झाली आहे, सबब मला समितीवर राहता येणार नाही. हाही नियमच होता.

आत भिंगरीला उद्यासाठी दुसऱ्या खोलीत हलवायची तयारी सुरू झाली होती. तो दारातच उभा होता, तेवढ्यात उत्तर आलं.

"वाचून फार वाईट वाटलं. राजीनामा मंजूर. यापुढचे आकडे तुम्हाला पाठवले जाणार नाहीत."