माहेरी गेलेली सरू

अण्णांचं जुनं स्मरणयंत्र खिशात तापायला लागलं, म्हणून हेमांगीनं ते बदलून आणलं.

"ताई, माहिती सगळी नव्यात आलीय," दुकानदार म्हणाला होता. "जुन्यात काही खोटं होतं, तेवढं यानं आपोआप दुरुस्त केलंय."

घरी अण्णांनी रोजच्यासारखं यंत्राला विचारलं, "सरू कुठाय?"

"आपल्या पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या."

अण्णा बातमी आत्ताच आल्यासारखे रडले. त्यांच्यासाठी ती आत्ताच आली होती. जुन्या यंत्रानं त्यांचं हे रडणं एकदाच ऐकलं होतं आणि आपल्या मनानं दुसरं उत्तर शोधलं होतं. ते उत्तर खोट्यात जमा होईल, हे हेमांगीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अण्णा सगळं विसरले. हेमांगीनं नव्या यंत्राचा आवाज बंद करून टाकला.

सकाळी अण्णांनी खिसा चाचपला. "सरू कुठाय?"

दिवाळी तोंडावर आली होती. या दिवसांत कुरडया कोणी घालत नाही. पण हेमांगीला जुन्या यंत्राचंच उत्तर पाठ होतं.

"आई माहेरी गेलीय, कुरडया घालायला. येईल."

"बरं," अण्णा म्हणाले. "तिला म्हणावं, उन्हात फार बसू नको."