गळालेल्या सूचना

नवा रस्ता कुठून न्यावा, हे रहिवाशांना विचारणारं एक ओपन-सोर्स, म्हणजे कुणालाही उघडून तपासता येणारं, सॉफ्टवेअर ती तपासत होती. पाच शब्दांहून छोट्या सूचना त्यातून आपोआप गळत होत्या. गळालेल्यांच्या जुन्या यादीत तिला आईचं नाव दिसलं. पुढे लिहिलं होतं, "आमचं घर राहू द्या."

रस्ता घरावरूनच गेला होता. आईनं हाय खाल्ली, ती भाड्याच्या खोलीतच वारली. "माझं कुणी वाचलंच नाही गं," ती शेवटपर्यंत म्हणायची.

"सगळ्यांचं वाचतात, आई," लेक समजूत काढायची.

असली अट मंजूर करणारा दीडशहाणा कोण, म्हणून तिनं त्या अटीची तीन वर्षांपूर्वीची नोंद उघडली.

"तपासलं. हरकत नाही," असा शेरा होता आणि खाली तिचं स्वतःचं नाव.