सांता क्लाराच्या मागे

फिलिपिन्समधल्या ओबांदोच्या रस्त्यावर बँड सुरू झाला तसं पुरिताने आपल्या विहीणबाईला कोपराने ढोसलं. "चला, हात वर करा. नातू काय घरपोच येणार आहे?"

फिडेलाने हात वर केले. पुढे सांता क्लाराची मूर्ती डुलत निघाली होती, मागे मूल मागायला आलेल्या बायका नाचत होत्या. जिला येणं जमत नाही, तिच्यासाठी आईने नाचलं तरी चालतं. फिडेलाची नेरिसा रियाधला नर्स, पुरिताचा दांते जहाजावर. म्हणून सलग चौथ्या वर्षी दोघी म्हाताऱ्या त्या जोडप्यासाठी मे महिन्याच्या उन्हात कंबर हलवत होत्या.

यंदा मात्र फिडेलाचं पाऊल उचलत नव्हतं. उचलणार तरी कसं? सकाळीच लेकीचा फोन आला होता. "आई, गेल्या आठवड्यात माझी पिशवी काढली. दांतेला अजून सांगितलेलं नाही. तूही कुणाजवळ बोलू नकोस." मग नुसतंच रडणं.

सांगून टाकावं, असं दहादा तिच्या ओठांवर आलं. पुरिता काही वाईट बाई नव्हती. गुडघ्याला पट्टा बांधून नाचत होती बिचारी, घामाने निथळत. तिला देवासमोर असं फसवायचं म्हणजे पापच की.

"विहीणबाई, जरा बाजूला येता का? बोलायचं होतं."

"मिरवणूक सोडून? वेड लागलंय का तुम्हाला?" पुरिताने ठेका चुकू दिला नाही. "तुम्ही असं मेल्या मनाने नाचता, म्हणून ही सांता क्लारा ऐकत नाही. आता माझंही ठरलंय. यंदा काही झालं नाही, तर पुढच्या वर्षी मी एक दिवस आधी येणार. सान पास्कुआलच्या मिरवणुकीला."

सान पास्कुआलच्या मागे नाचतात ते बायको मागायला. ओबांदोतलं शेंबडं पोरही हे जाणतं.



"काय बोलायचं होतं?" पुरिताने विचारलं.

"काही नाही. ऊन फार आहे म्हटलं."

तिने घागऱ्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि नाचायला लागली. अशी नाचली, की मागच्या बायकांनी सरकून जागा करून दिली.

"आता कसं," पुरिता खूश होऊन म्हणाली. "असं नाचलात तर जुळी होतील बघा."

"होतील की," फिडेला म्हणाली.

चर्चच्या दारापर्यंत ती तशीच नाचत गेली. मूर्तीकडे तेवढं तिने एकदाही वर बघितलं नाही.