घरातली सुरुवात

बाबांची नोकरी फिरतीची. पोटासाठी वणवण करतो बिचारा, असं आई येताजाता म्हणायची. घरी आले की बॅग टाकायच्या आधी ते पट मांडायचे आणि लेकीकडून आपली खास सुरुवात घोटवून घ्यायचे. आधी हत्तीपुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा कडेला. "जग हसलं तर हसू दे. ही आपल्या घरातली गोष्ट आहे, बाहेर कुणाला दाखवायची नाही."

या बुद्धिबळ स्पर्धेत लेकीने त्यांना न सांगताच नाव दिलं होतं. दौऱ्यावरून आले की एकदम करंडकच पुढ्यात ठेवायचा, असा बेत होता.

अंतिम फेरीत समोर एक शाळकरी मुलगी आली. तिने हत्तीपुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मग घोडा कडेला ठेवला आणि, बाबा वळवतात तसंच, त्याचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं.

कसाबसा डाव संपवून, हरलेल्या लेकीने हात पुढे केला. "ही सुरुवात कुणी शिकवली गं?"

"बाबांनी. आमच्या घरातलीच आहे, दुसऱ्या कुणाला येत नाही. ते खाली गाडीत बसलेत. चला ना ताई, ओळख करून देते."



"चल," ती म्हणाली, "बाबांना चकितच करायचं होतं मला."