मिस्त्रींनी बदललेली खुर्ची

टेम्पोतून खुर्ची उतरली आणि केतकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आजोबा, ही आपली नाहीच! मिस्त्रींनी चक्क बदलली!"

आजोबांनी तरुणपणी डेन्मार्कहून बोटीने आणलेली सागवानी खुर्ची अशी नव्या नवरीसारखी झळकेलच कशी? कागदी दोरीची बैठक कोरी करकरीत, हे ठीक. ती विणायलाच तर दिली होती. पण लाकूड? आणि टेम्पोपाशी उभे असलेले मिस्त्री एवढे गप्प का? केतकीने खुर्चीच्या हाताच्या सांध्यावरून नख फिरवलं. कुठ्ठे अडकलं नाही! म्हणजे नक्कल करणाराही पट्टीचाच होता.

आता शेवटची परीक्षा. दात येताना तिने या खुर्चीचा डावा हात खालून कुरतडला होता. तिने तिथे बोटं घातली. गुळगुळीत! "सापडली चोरी!"

"फौजदारीणबाई, तू खुर्चीच्या समोर उभी आहेस," आजोबा हसले. "तिचा डावा हात पलीकडे."

पलीकडे बोटांना बारीक खाचांची ओळ लागली.

"साहेब म्हणाले होते," मिस्त्री पहिल्यांदाच बोलले, "सगळं घासा, तेवढं सोडून."

केतकीने मान खाली घालून खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "काका, आधी तुम्ही बसा ना."