लाल दोऱ्याचं बटण

मारबतीच्या दिवशी जाळायला नंदनवन वस्तीतल्या पोरांनी तणस भरून शत्रूसैनिकाचा बडग्या, म्हणजे पुतळा, केला होता. "वहिनी, भाऊले ज्यानं मारलं, तो हाच समजा. तुम्हीच पेटवा!" नवरा शहीद झाल्यापासून मला हेच हवं होतं. लेकीला सासूबाईंकडे देऊन मी काडी ओढली आणि बडग्याच्या शर्टावरचं लाल दोऱ्याचं बटण दिसलं. ते मीच घाईत लावलं होतं. "काहून वं, लाल दोरा? साहेब हसतीन ना मले!" म्हणत त्यांनी तोच शर्ट घातला होता. जुने कपडे मागायला आलेल्या पोरांना सासूबाईंनी तो नकळत गाठोड्यासकट दिला असणार. मी काडी विझवली. एकेक बटण सोडत शर्ट उतरवून घेतला. "राहू द्या, वहिनी," पोरं कुजबुजली. मी दुसरी काडी ओढली. उघडं तणस भरकन पेटलं, भरकन विझलं. "इतकंच?" मी विचारलं. "दुसरा बडग्या नाही का गा?"