शिल्लक शून्य

"आधी वाटलं, संपलं असंल. पण आता कोणताबी गट टाका, शून्यच दाखवायलंय," माणिकराव म्हणाले आणि 'शोधा'चं बटण पुन्हा दाबलं. सोनपेठच्या त्या खासगी दवाखान्यातला रक्तसाठा ते सांभाळत. पडद्यावर आलं: ओ निगेटिव्ह, शिल्लक शून्य.

प्रोग्राम सुकेशनीचा. त्यातली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आदल्या दिवशी तिनंच परभणीत बसून नवी केली होती. नीट चालतंय का, ते बघायला ती आली होती. तिनं खुर्ची पुढं ओढली.

घोटाळा लवकर सापडला. नव्या लायब्ररीत बटणाची आज्ञा दुसऱ्याच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यावर, मागच्या मागं चालत होती. त्या थ्रेडला पडद्याला हात लावायची मुभा नव्हती. तो साठा बरोबर मोजायचा, पण आकडा लिहायला गेला की कोलमडायचा. सुरुवातीचं शून्य तसंच राहायचं. चूक झाली तर गुपचूप गिळून टाकावी, ही ओळही तिचीच. चूक दाखवणाऱ्या लाल खिडक्या बघून लोक घाबरतात, म्हणून लिहिलेली.

आकडा लिहायचं काम तिनं मुख्य थ्रेडकडं दिलं. बटण दाबलं.

ओ निगेटिव्ह, शिल्लक दोन.

"बघा, आलं," ती म्हणाली.

माणिकराव बघतच राहिले. "दोन? ताई, मुंजाजीला तर मी सकाळीच परभणीला धाडलं की रक्तासाठी! वर त्याची लेक हाय, राजेश्री. बाळंतीण. रक्त थांबंना झालंय तिचं."

"फ्रिज उघडून बघितला नाही तुमी?"

"ह्यो गट कवा असतोय आपल्याकडं? शून्य दिसलं, खरं वाटलं."

फ्रिजमध्ये दोन्ही पिशव्या होत्या. एक उचलून माणिकराव जिन्याकडं धावले. सुकेशनी उभीच राहिली. वर बाळ रडत होतं.

माणिकराव परत आले ते एकेक पायरी उतरत. पिशवी हातातच होती. त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली, दार लावलं. तिच्याकडं बघितलं नाही.

 

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. घामानं निथळणारा मुंजाजी थर्माकोलचा डबा छातीशी धरून आत आला.

"भेटलं!" तो म्हणाला. समोर सुकेशनीच होती, म्हणून डबा त्यानं तिच्या हातात दिला. "बगा, गारच हाय अजून."